सनईवाल्याची हलकी सिगारेट

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी चंदरचं नाव दिवसातून पन्नासदा घेते, त्यातल्या निम्म्या वेळा ओरडून. तरी माणूस अजून आहे. मध्ये एक वर्ष मात्र माझ्या जिवाला घोर लागला होता, तेच सांगायला बसलेय.

मी केसर. काशीदच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. मी मासळी विकते. चौलच्या बाजारात माझी जागा ठरलेली आहे, आणि तिथे दुसऱ्या कुणी पाटी टेकवली तर काय होतं ते चौलकरांना विचारा. चंदर माझा नवरा. चुलतभावाच्या होडीवर जातो, जाळी शिवतो, पण गावात त्याला खलाशी कुणी म्हणत नाही. सनईवाला चंदर म्हणतात. हळद असू दे, साखरपुडा असू दे, देवीची पालखी असू दे, चंदरची सनई वाजल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. अंगावर मांस म्हणून नाही. सदरा खुंटीला अडकवावा तसा खांद्यावर लोंबतो. पण सनई तोंडाला लावली की गाल केंड माशासारखे टम्म फुगतात. मी त्याला पहिल्यांदा बघितला तो मावसबहिणीच्या हळदीला, आणि मला वाटलं, अरेरे, ह्याला गालगुंड झालंय.

त्याची एक खोड आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. भोक दिसलं की ह्याचं बोट तिथे जातं. लहानपणापासून सनईच्या भोकांवर बोटं बसली, ती बोटं आता त्याच्याही ताब्यात नाहीत. झाऱ्याची भोकं झाकील, खुर्चीची झाकील. एकदा अलिबागला जाताना बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्याला स्क्रू पडून भोक झालेलं. गेलं बोट आत. आणि अडकलं. कंडक्टरने बस थांबवली, कुणी साबण दिला, कुणी खोबरेल दिलं, एका म्हातारीने तर देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. बोट निघालं. उतरताना मी म्हटलं, "आता शहाणा झालास ना?" तर हा दाराशी उभा राहून तिकिटाच्या मशीनच्या भोकावर बोट ठेवून बघतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

सिगारेट त्याने कधी धरली ते त्यालाही आठवत नाही. त्याचा बाप, येसाजी, तोही सनईवालाच. त्याची विडी होती, ह्याची सिगारेट. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शेवटी शेवटी खाटेवर बसून असायचे. सनई रोज पुसायचे, पण फुंकायचे नाहीत. फुंकायला छातीत हवा कुठली? सनई मांडीवर घ्यायची आणि भोकांवर नुसती बोटं हलवायची. आवाज काही नाही. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तर चंदरशी माझी भांडणं. लोकांना वाटतं केसरला भांडायची हौस आहे. हौस आहेच, पण ह्या भांडणाची नव्हती.

आता आमच्या गावची रीत. नारळी पौर्णिमेला सगळेच दर्याला नारळ वाहतात. आमच्याकडे सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ देवळातून निघाला की पुढे सनई, आणि देवळाच्या पायरीपासून नारळ पाण्याला लागेपर्यंत ती सनई तुटता कामा नये. एकच धून, अखंड. मध्ये थांबून दम घ्यायचा नाही. शिडाच्या होड्या होत्या तेव्हाची ही रीत. वारा पडला की होडी दर्यात अडकायची, म्हणून वाऱ्याला सांगायचं की बाबा, असाच न तुटता वाहत राहा. आता प्रत्येक होडीला इंजिन आहे, पण रीत ती रीत. सनई तुटली तर नारळ परत देवळात जातो आणि सगळी वरात पहिल्यापासून.

कसं जमतं म्हणाल तर सनईवाले गालात हवा साठवतात. गालातली हवा सनईत सोडता सोडता नाकाने आत श्वास घेतात. ऐकणाऱ्याला कळतही नाही. चंदरने ते कितीतरी वर्षं केलं. आणि त्या वर्षी, भर वरातीत, दर्याकडे जाणाऱ्या उतारावर त्याला खोकल्याची उबळ आली आणि सनई तुटली.

नारळ मागे गेला. सगळे मागे गेले. दुसऱ्यांदा निघालो तर मारुतीच्या पाराशीच तुटली. पुन्हा मागे. नऊवारी नेसून, अंगभर दागिने घालून, भर उन्हात तीन-तीनदा तोच रस्ता चालायचा म्हणजे बायकांची तोंडं काय झाली असतील! तिसऱ्या खेपेला सनई कशीबशी शेवटपर्यंत टिकली, पण तोवर ओहोटी लागून पाणी दूर गेलेलं. नारळ वाहायला आमचे पुढारी गुडघाभर चिखलातून गेले, आणि एकाची चप्पल अजून तिथेच आहे.

संध्याकाळी निकेश घरी आला. हा उत्सव समितीचा सेक्रेटरी, चंदरच्या चुलतभावाचा मुलगा. स्वतःची टुरिस्ट गाडी आहे, बोलायला गोड, पण हातातून मोबाईल सुटेल तर शपथ.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आपण स्पीकर लावू. तुमचीच सनई हाय माझ्याकडं. मी पहिला मोबाईल घेतला होता ना, तेव्हा देवळाच्या ओट्यावर तुमची तालीम रेकॉर्ड केलेली. एकदम क्लीन. मान तुमचा, आवाज तुमचा, फक्त दम मशीनचा."

चंदरने एवढंसं तोंड केलं. "म्हणजे मी जित्ता असताना माझीच सनई भोंग्यावर लावणार?"

"लोकं कटाळलीत, काका."

चंदरने जाळ्याच्या गाठी चाचपल्या. मग म्हणाला, "एक डाव दे. पुढच्या वर्षी पायरीवरून मीच निघतो. तुटली तर दाब तुझं बटण. मग ती सनई मी पुन्हा खुंटीवरनं काढणार न्हाय."

निकेश हो म्हणाला. मी आत चुलीपाशी ऐकत होते. हा माणूस सनईशिवाय काय करणार? गल्लीत फिरून लोकांच्या झाऱ्यांवर बोटं ठेवत बसणार?

अलिबागला डॉक्टरकडे नेला. डॉक्टरने छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि साधं सरळ सांगितलं की सिगारेट सोडा. हलकी, जड, बारीक, लांब, कुठलीच नको. चंदरने नंदीबैलासारखी मान डोलावली. आणि परत येताना बाळाजीच्या टपरीवर थांबला.

बाळाजी स्वतः ओढत नाही, पान खातो. पण सिगारेटीवर बोलायला लागला की ऐकत राहावं. त्याने एक सफेद पाकीट काढून दिलं. "ही घे. हलकी हाय. फिल्टरला बारीक भोकं असतात, दिसत पन न्हाईत. झुरका घेतला की भोकांतून बाहेरची हवा आत येते, धुरात मिसळते. धूर पातळ होतो. दगडापेक्षा वीट मऊ."

झालं! चंदरला वीट सापडली. त्या दिवसापासून स्वारी अशी मिरवायची की जणू उपासच धरलाय. "मी आता हलकी ओढतो," पाहुण्यांना सांगायचा. सोयरे आले, सांगितलं. लाइटबिलवाला आला, त्यालाही सांगितलं. मी म्हटलं, "अरे, अर्धी पोळी खाल्ली म्हणून उपास होतो का?" पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि खोकला? तो होता तिथेच. रोज संध्याकाळी चंदर देवळाच्या ओट्यावर तालीम करायचा आणि रोज सनई तुटायची. कधी सनईच्या तोंडची पत्ती जास्त ओली होती म्हणून, कधी वारा उलटा होता म्हणून, कधी धाकूने ढोल जोरात वाजवला म्हणून. धाकू म्हणजे आमचा ढोलवाला, चंदरचा लहानपणापासूनचा जोडीदार. तो बिचारा म्हणायचा, "मी तर वाजवतच नव्हतो रे, मी वडापाव खात होतो."

थंडीच्या दिवसांत घरामागच्या खळ्यावर मी जवळा सुकवते. खळं सारवून लख्ख करावं लागतं, नाहीतर सुकटीत खडा येतो आणि गिऱ्हाईक माझ्या सात पिढ्या उद्धारतं. त्या सकाळी जवळा पसरायला गेले तर काठाने सगळी थोटकं पडलेली! आदल्या संध्याकाळी चंदर आणि निकेश तिथे गप्पा मारत बसले होते. निकेश काही स्वतःचं पाकीट काढत नाही, काकाच्याच पाकिटातली ओढतो. माझ्या जवळ्यात सिगारेटीची थोटकं! दोघांच्या नावाने शंख करत मी एकेक उचलायला लागले.

उचलता उचलता माझा हात थांबला. आता मी मासळीवाली. मासा ताजा की शिळा ते कल्ला उघडून रंग बघितल्याशिवाय मी सांगत नाही. थोटकांची टोकंही मी तशीच बघितली. काही थोटकं होती त्यांच्या फिल्टरच्या टोकाला मधोमध तपकिरी ठिपका आणि कडेने गोल पांढरी किनार. आणि काही होती ती या कडेपासून त्या कडेपर्यंत काळपट तपकिरी, कोकमात बुडवून काढल्यासारखी. एकाच पाकिटातली, तरी दोन जातींची.

चंदर कुठे बसतो आणि निकेश कुठे बसतो ते मला ठाऊक. पांढऱ्या किनारीची सगळी निकेशच्या दगडापाशी. काळी सगळी माझ्या नवऱ्याच्या पाटापाशी.

"चंदर!" मी हाक मारली. समुद्रावरच्या होडीतली माणसंही वळली असतील.

चंदर आला, मागोमाग चहाच्या वासाने धाकूही आला. मी दोन्ही जातींची थोटकं सुपात मांडून समोर ठेवली. "हे तुझं. हे निकेशचं. एकाच पाकिटातली हायत ना? मग तुझी अशी काळी का?"

"मी सनईवाला हाय," चंदर छाती काढून म्हणाला. "माझा झुरका दमदार."

"डोंबलाचा दमदार! एक काढ बघू. पेटवू नकोस, नुसती धर. रोज धरतोस तशी धर."

त्याने पाकिटातून एक काढली आणि धरली. धाकू पुढे वाकला आणि खदाखदा हसायला लागला. निकेश सिगारेट धरतो ती दोन बोटांच्या टोकात, सिनेमातल्यासारखी. आणि आमचा चंदर? अंगठा खालून, तीन बोटं वरून, फिल्टरवर शेजारी शेजारी, घट्ट. सनईच वाजवणार जणू. वर ओठही पार आत घेतलेले, सनईची पत्ती धरतो तसे.

"काय झालं?" चंदरने सिगारेट तोंडातच ठेवून विचारलं.

"अरे खुळ्या," मी म्हटलं, "बाळाजीने सांगितली ती भोकं कुठं हायत?"

त्याने सिगारेट उन्हाला धरली. मग तिघांनीही डोळे बारीक करून बघितलं. फिल्टरवरच्या कागदाला टाचणीच्या टोकाहून बारीक भोकांचं एक कडं होतं, बांगडीसारखं गोल. बरोब्बर तिथे, जिथे चंदरची तीन बोटं बसायची. डोळ्यांना दिसली नव्हती ती भोकं बोटांना सापडली होती.

चंदरला अजून खरं वाटेना. त्याने जाळ्याची सुरी आणून एक सिगारेट उभी चिरली. आतून तंबाखूचा भुगा निघाला, त्याच्याभोवती पातळ कागद, मग टोकाला फिल्टरचा पांढरा बोळा, कापसासारखा दिसणारा पण कापूस नव्हे. बोटांनी चाचपून तो म्हणाला, "तंबाखू घट्ट भरली की ओढायला जड, सैल भरली की हवा सरळ येते. पत्तीसारखंच. आणि ह्या बोळ्यापाशी बाजूने हवा घुसते." मग त्याला काय सुचलं देव जाणे, घमेल्यात पाणी घेतलं, दुसऱ्या सिगारेटचा फिल्टर पाण्यात बुडवला आणि तंबाखूच्या टोकाने फुंकलं. सायकलवाला पंक्चर शोधतो तसं. फिल्टरच्या चारी बाजूंनी बारीक बुडबुडे आले. मग त्याने बोटं ठेवली, नेहमीसारखी तीन. बाजूचे बुडबुडे बंद. फक्त टोकातून एकच मोठा बुडबुडा भुसभुस आवाज करत राहिला.

चंदरने तोंडातली तंबाखू थुंकली. "म्हंजे मी येवढे दिवस..."

"व्हय," मी म्हटलं. "लोकांना हलकीचं पाकीट दाखवलंस आणि जडच ओढलीस. वीट म्हणून दगडच चावत होतास."

धाकू हसून हसून खळ्यावर लोळला. माझा जवळा त्याच्याखाली. मग मीही हसायला लागले, काय करणार? चंदरही हसला. आणि हसता हसता त्याला तो खोकला आला, लांबलचक, पाठ वाकवणारा. धाकूने उठून त्याची पाठ चोळली.

पण माणसाची जात चिवट. दुसऱ्या दिवशी म्हणतो, "आता कळलं ना? आता भोकं उघडी ठेवून ओढतो." आणि नखांच्या टोकात, विंचू धरावा तशी सिगारेट धरून त्याने झुरका घेतला. तोंड वाकडं केलं. "हवाच येते नुसती!" मग दुसरा घेतला, जास्त लांब. मग तिसरा, सनईच्या लांब तानेसारखा, डोळे मिटून. संपली. लगेच दुसरी पेटवली, कारण पहिलीने भागलं नव्हतं. मी भाकऱ्या थापत बघत होते. भोकं झाकली तेव्हा धूर जड होता, उघडी ठेवली तर झुरके लांब आणि सिगारेटी दुप्पट. हिशेब तोच.

त्यालाही ते कळलं असावं. दुसरी अर्धीच विझवली आणि सनई मांडीवर घेऊन खाटेवर बसला. वाजवली नाही. भोकांवर नुसती बोटं हलवत राहिला.

आणि मला सासरे दिसले. तीच खाट, तशीच बोटं. माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मला रडूच फुटलं, आणि मी काही हळू रडणारी बाई नाही.

"मला त्या नारळाचं काही पडलेलं न्हाय," मी म्हटलं. "लावू दे निकेशला भोंगा न्हायतर बाजा. पन तू आबांसारखा खाटेवर बसून बोटं हलवताना मला बघायचा न्हायस. मला तू पाहिजेस, चंदर. खोकणारा न्हाय, वाजवणारा पाहिजेस."

त्याने सनई बाजूला ठेवली. मग सनईकडे बघत म्हणाला, "हिची भोकं झाकली काय न् उघडली काय, केसर, दम तर माझाच जातो. त्या सिगारेटीचंबी तसंच हाय."

होळीला आमच्याकडे सगळं गाव जमतं. चंदरने सगळ्यांदेखत सफेद पाकीट होळीत टाकलं. धाकू म्हणाला, "घ्या, आता होळीमाय ओढणार." निकेशच्या तोंडावर तर अशी कळा आली की जणू त्याच्याच घराला आग लागलीय. फुकटची सोय गेली ना!

सोडणं काय सोपं होतं म्हणता? पहिल्या दिवसांत हा माणूस घरात असा फिरायचा की मांजरही माळ्यावर जाऊन बसायचं. डाळ खारट, चहा पाणचट, माझं बोलणं जास्त, माझं गप्प बसणं त्याहून जास्त. बोटं तर नुसती वळवळायची. मी त्या बोटांना काम लावलं. कोळंबीची पाटी पुढ्यात ठेवली, म्हटलं सोल. त्याने इतकी कोळंबी सोलली की चौलच्या बायका विचारायला लागल्या, केसर, तुझ्याकडे सोललेली कशी काय गं मिळते? आखाडात होड्या वर ओढलेल्या, काम नाही, तेव्हा एकदा होडीच्या आडोशाला बसून त्याने ओढलीच. मला वास आला. कोळंबी संपलेली, म्हणून मी लसणाची टोपली नेऊन पुढ्यात ठेवली. त्याने मुकाट्याने सगळा लसूण सोलला. त्यानंतर मला वास आला नाही.

आणि संध्याकाळची तालीम हळूहळू लांबत गेली. आधी पारापर्यंत पुरेल एवढी, मग उतारापर्यंत. खोकला एकदम गेला नाही, पण मागे सरला.

नारळी पौर्णिमा आली. देवळापुढे सगळं गाव. पुढे सनई, बाजूला धाकूचा ढोल, मागे सोनेरी नारळ घेतलेले पाटील, मग आम्ही बायका नटूनथटून. आणि सगळ्यांच्या मागे टेम्पोवर निकेशचे दोन काळे स्पीकर, माणसाएवढे उंच. निकेश मात्र चंदरच्या शेजारीच चालत होता. हातात मोबाईल, अंगठा बटणावर. चंदरचा श्वास तुटला की दाबायचं.

सनई निघाली. मी चंदरकडे बघितलंच नाही, माझ्याने बघवेना. मी आपली निकेशच्या अंगठ्याकडे बघत चालले. पार गेला, सनई चालू. विहीर गेली. शेजारची बाई मला काही विचारत होती, तिला मी काय उत्तर दिलं देव जाणे. मग उतार आला. तिथे समोरून दर्याचा वारा थेट तोंडावर येतो. सनईचा आवाज बारीक झाला. आणखी बारीक. निकेशचा अंगठा काचेवर टेकला. मी मनात म्हटलं, मेल्या, दाबलंस तर उद्यापासून तुझ्या घरी मासळी बंद.

चंदरचे गाल एकदा खाली बसले. मग नाकपुड्या फुलल्या, आणि गाल पुन्हा टम्म. केंड मासा! आवाज परत भरला. उतार संपला, वाळू आली, पाणी आलं. भरती अजून होती. पाटील पोटरीभर पाण्यात शिरले आणि नारळ लाटेवर ठेवला. बायकांनी आरोळी ठोकली, होड्यांवरून फटाके उडाले. आणि आमचा चंदर अजून वाजवतोच आहे! आता थांबायला हरकत नव्हती, पण थांबेना. धाकूने ढोल बंद केला तरी थांबेना. शेवटी मीच जाऊन सनईच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा कुठे सनई खाली घेतली, आणि म्हणतो काय, "अजून होता गं दम!"

मी त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. माझ्या गजऱ्याची फुलं त्याच्या सदऱ्याला चिकटली, ती त्याने दिवसभर काढली नाहीत.

नंतर देवळापुढे नारळीभाताची पंगत बसली. निकेश जरा हिरमुसला होता, एवढे स्पीकर भाड्याने आणलेले. चंदरलाच त्याची कीव आली. "लाव रे तुझी सनई. भाताबरोबर ऐकू."

निकेशने लावली. खरंच सुरेख होती. मोठमोठ्या स्पीकरांतून तरुण चंदरची सनई, भरदार, खणखणीत. पंगत डोलायला लागली. निकेश माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, म्हणजे बघ काकी, सांगितलं होतं ना. आणि मधेच सनई तुटली. स्पीकरमधून खोकला आला. खरखरीत, खोल, थांबता थांबेना असा. त्यापाठोपाठ एका बाईचा आवाज, गाव हादरवणारा: "चंदर! टाक ती सिगारेट! ऐकू येतंय का?"

सगळी पंगत हसून हसून भातात पडायची बाकी राहिली. निकेशने ते रेकॉर्डिंग कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं! धाकू म्हणाला, "अरे, बटण दाबलं असतंस तर नारळ भोंग्याने परत धाडला असता!" मी म्हटलं, "बघा, तेव्हापासून सांगतेय मी, तेव्हापासून!"

चंदर हसत नव्हता. भाताचा घास तसाच हातात होता.

"निकेश, ते परत लाव," तो म्हणाला. "खोकल्यापासून."

निकेशने लावलं. चंदरने मान तिरकी करून ऐकलं.

"काय रे?" मी विचारलं.

"मला वाटलं आबा हायत," तो म्हणाला. "अगदी आबांसारखा खोकत होतो गं मी. मला कधी ऐकूच आलं न्हाय."

आबांना जाऊन तेव्हाही कितीतरी वर्षं झाली होती. निकेशने हळूच मोबाईल बंद करून खिशात ठेवला.

चंदरने घास तोंडात टाकला, हात धुतला आणि सवयीने कानामागे नेला. तिथे पूर्वी सिगारेट असायची. आता काही नव्हतं. मग तोच हात पुढे करून त्याने सनई उचलली आणि पंगतीच्या मध्येच मांडी घालून वाजवायला बसला. वाढपी त्याला वळसा घालून जायला लागले. सनई कुठे तुटली नाही. मी पान पुढे सरकवलं आणि आणखी थोडा भात घेतला.